भाऊजींनी शीड सोडलं

फोन धरणावरच्या चौकीदाराचा होता. "तुमचे भाऊजी गेले," एवढंच तो म्हणाला. वादळ नुकतंच ओसरलं होतं. बल्लारपुरातल्या आमच्या वसाहतीत दोन कडुलिंब आडवे झाले होते... आणि आज दीड महिन्यानं कबूल करतो, पहिल्या क्षणी मनात आलं, ताई सुटली.

भाऊजींचा हात लवकर उठायचा. नौदलातून निवृत्त होऊन ते इथल्या कागद कारखान्यात लागले, तेव्हापासून मुकादमाचं नाक, हॉटेलातली काच, माझा समोरचा दात, सगळं त्यांच्या हातून फुटलं. ताईचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात ती "मोरीत पाय घसरला" म्हणाली, आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना पुन्हा विंडसर्फिंगची ओढ लागली. फळीवर उभं राहून हातात शीड धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापायचं. नौदलात ते यात पटाईत होते. कुठूनतरी जुनी, दोघांनी उचलावी अशी फळी आणली. धरणात ते तिच्याशी मारामारीच करायचे. भिजून जड झालेलं शीड कंबरेच्या जोरावर उभं करायचे, वारा ते हिसकायचा, शिव्या देत पुन्हा ओढायचे. एकदा शिडाच्या आडव्या दांड्यानं गालाचं हाड फोडलं. रक्त थुंकून त्यांनी दांड्यालाच लाथ घातली.

शेवटी मीच त्यांना गोव्याच्या एका दुकानात नेलं. त्यांचा डोळा अरुंद, वेगवान फळीवर. मी भीत भीत म्हणालो, "भाऊजी, रुंद घ्या. कंबर आता पहिल्यासारखी नाई राह्यली." त्यांनी असं पाहिलं की मी मागं सरकलो. पण घेतली रुंदच. सोबत कार्बनची हलकी डोलकाठी, पारदर्शक शीड आणि शिडाची ओढ हातांऐवजी अंगावर घेणारा कंबरपट्टा. दुकानदारानं बजावलं, झोत आला की झुंजायचं नाही, मागचा हात सैल सोडायचा.

महिनाभरानं पाण्यातून बाहेर येत म्हणाले, "इतके वर्षं आवळूनच धरून राह्यलो होतो रे." माफीच्या जवळ जाणारं मी त्यांच्या तोंडून एवढंच ऐकलं. पुढं दोन वर्षं ताईवर हात उठला नाही.

वादळाच्या त्या दुपारी भाऊजी काठाजवळ असताना वावटळ उठली आणि मासे धरणाऱ्या कवडू ढिवराचा डोंगा धरणाच्या मध्यावर पालथा झाला. कवडू तेराव्याला आला होता, तेव्हा त्यानं सांगितलं. "भाऊ आले, मले फळीवर ओढलं. वारा शिडासकट दोघायले फेकून राह्यला होता. त्यायनं शीड काढून सोडून देल्लं. म्हणाले, जाऊ दे त्याले, तू माह्या कंबरेचा पट्टा धर." नुसती फळी दोघांना घेऊन वाहत बांधाकडं गेली. लाटेनं आपटलं तेव्हा दगडांच्या बाजूला भाऊजी होते... डोकं फुटलं होतं. कवडूचा एक खांदा तेवढा निखळला.

माझा राग अजून गेलेला नाही. कवडूसाठी सैल सुटलेला तो हात माझ्या बहिणीसाठी वीस वर्षं सुटला नव्हता.

परवा ताईकडं गेलो होतो. वारा पूर्ण पडला होता. असे दिवस भाऊजींचे वाईट. पाण्यावर जाता यायचं नाही आणि घरात धुसफूस वाढत जायची. बोलता बोलता ताई उठली, भिंतीवरच्या फळीवरचे काचेचे कप एकेक उतरवून तिनं कपाटात ठेवले, कडी लावली. मग तिच्या लक्षात आलं, आता ते फोडणारं कुणी नाही. कडीवरचा हात न काढता ती तशीच उभी राहिली. मी चहा मागितला नाही.