रेघ एकदाच

काच कापणाऱ्याला चूक निस्तरता येत नाही. सुताराजवळ रंधा असतो, शिंप्याला उसवता येतं. काचेवर हिऱ्याच्या कणीने रेघ ओढली की ओढली. हलकी पडली असं वाटून तिच्यावरच पुन्हा कणी फिरवली, तर काच रेघ सोडून भलतीकडे तडकते आणि कणीही बोथट होते. सतराव्या वर्षी उस्तादाने मनगटावर पट्टी मारून त्याला हे शिकवलं. तेही एकदाच.

पुढे चाळीसहून जास्त वर्षं तो त्याच दुकानात, जाड लोकरी कापड अंथरलेल्या त्याच टेबलापाशी उभा राहिला. दुकानातले लोक त्याला ‘एकदाच’ म्हणत. गिऱ्हाइकाने माप दुसऱ्यांदा विचारलं तर तो बोलायचा नाही, नुसतं पट्टीकडे बोट दाखवायचा.

काचेचे बारीक कण शर्टाच्या बाह्यांत अडकून घरी यावेत तसा हा नियमही घरी आला. शर्ट बायको रोज गॅलरीत झटकायची. नियम झटकता येईना. ‘जेवायला ये’ एकदाच. मुलीने स्वतःचं लग्न ठरवलं तेव्हा ‘मला पटत नाही’ हेही एकदाच. मुलीने ऐकलं नाही, त्याने विषय पुन्हा काढला नाही, आणि सगळं सुरळीत पार पडलं. त्यामुळे नियमावरचा त्याचा विश्वास आणखीच वाढला. बायको आल्यागेल्याला सांगायची, “यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा, आणि चेंडूच परत यायचा नाही. दमून मीच गप्प बसते.”

मग तिला विसर पडू लागला. आधी किल्ल्यांचा, मग गल्लीचा, मग अक्का गेल्याचा. अक्का म्हणजे तिची मोठी बहीण, तिला वाढवणारी. शेवटचे आठ दिवस हिनेच अक्काच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं होतं.

“अहो, अक्काचा फोन नाही आला.”

“अक्का गेली,” तो म्हणाला.

ती दुपारभर रडली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोनचं विचारलं. सांगून झालं होतं, म्हणून तो गप्प राहिला. ती विचारत राहिली, तो गप्प राहत गेला. चौथ्या दिवशी अक्काला शोधायला ती एकटीच घराबाहेर पडली. तीन चौक पलीकडे बसथांब्यावर सापडली. एका पायात चप्पल नव्हती.

मुलगी धावत आली. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते.

“आई विचारते आणि तुम्ही तोंड शिवून बसता?”

“सांगितलंय तिला.”

“सांगितलंय म्हणे! बाबा, माझ्या वर्गात एका मुलीला सातचा पाढा येईना. पन्नास वेळा घेतला मी तिच्याकडून. एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी बसला की नाही? माणसाला सांगत राहिलं की बसतं. प्रत्येक वेळी सांगायचं, शांतपणे आणि खरं. तिला थापा मारायच्या नाहीत. आणि पुन्हा ती अशी बाहेर गेली ना, तर मी तिला घेऊन जाईन. मग मला म्हणू नका.”

बायको आपल्यापासून जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. त्याने दुकान सोडलं, आणि आपला नियमही. या वयात जुना दात उपटून घ्यावा तसा तो सोडला, आणि मुलीचा घेतला.

“अक्काचा फोन नाही आला.”

“अक्का गेली गं. दोन वर्षं झाली. तू जवळ होतीस.”

टॉवेलची घडी करता करता तिचे हात थांबले. “कधी? मला कुणी कळवलं का नाही?”

संध्याकाळी पुन्हा. सकाळी पुन्हा. त्याने आवाज मऊ केला, आधी तिचा हात हातात घ्यायला शिकला, सांगण्यापूर्वी तिला बसवायला शिकला. प्रत्येक वेळी तिची बहीण पहिल्यांदाच मरत होती. पाढा काही बसला नाही. बसलं ते दुसरंच. बातमी तिच्या लक्षात राहत नव्हती, पण आणणारा राहू लागला. तो चहाचा कप घेऊन आला तरी ती खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकायची. त्याने तोंड उघडायच्या आत म्हणायची, “नका. नका सांगू.”

एका दुपारी ती पुन्हा बाहेर गेली, पण या वेळी अक्काला शोधायला नव्हे. समोरच्या दारापाशी जिन्यात बसली आणि शेजारणीला म्हणाली, “आत एक माणूस आहे. तो जवळ आला की कुणीतरी मरतं.”

त्याने स्वतःच मुलीला फोन केला. “घेऊन जा.”

मुलगी आली. सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसली. “मग थांबवायचं ना, बाबा! म्हणायचं, गावाला गेलीय अक्का.”

“थापा मारायच्या नाहीत, तूच म्हणालीस.”

“मी वर्गातलं...” ती मध्येच थांबली.

“माझं दुकानातलं होतं,” तो म्हणाला. “काचेवर कधी चुकलं नाही. तुझंही तुझ्या वर्गात चुकत नसणार. कुठलं कुठपर्यंत चालतं, हे आधी कळतं कसं?”

मुलगी आईचे कपडे बॅगेत भरू लागली, आणि भरलेले पुन्हा काढून भरू लागली.

टॅक्सी आली तेव्हा तो आतल्या खोलीत पडद्यामागे उभा राहिला, तिने पाहू नये म्हणून. बाहेरच्या खोलीत मुलगी तिच्या चपलेचा पट्टा लावत होती.

“अक्काचा फोन नाही आला गं.”

मुलीने आधी बक्कल अडकवलं. मग म्हणाली, “येईल.”

“येईलच. तिला कुठे चैन पडतंय,” बायको म्हणाली आणि हसली. कित्येक महिन्यांत त्याने तिचं हसू ऐकलं नव्हतं.

येईल. त्याने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. म्हणायला अगदी सोपा होता. बाहेर जाऊन तिला तो आत्ता सांगावा असं वाटून त्याने पडद्याला हात घातला. पण आता तो काय बोलतो ते ऐकायलासुद्धा ती थांबली नसती. त्याला बघूनच घाबरली असती. त्याने हात काढून घेतला. जिन्यावरून दोघींची पावलं खाली गेली, टॅक्सीचं दार लागलं, आणि तो पडद्यामागेच उभा राहिला.