अर्ध्या दिवसाच्या रजेतलं भूत

चित्रपट न पाहता त्यावर लिहिणं मला पाहून लिहिण्यापेक्षा जास्त चांगलं जमायचं.

मुलुंडच्या आमच्या ऑफिसात जिन्यापाशी एक भित्तिपत्रक लागायचं. त्यात वाढदिवसांची यादी, एखादी कविता, नाचणीच्या लाडवांची कृती आणि उजव्या कोपऱ्यात माझं सदर, 'तिसऱ्या रांगेतून'. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, हुद्द्याने कारकून, आणि स्वतःच्या मते घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातली एकमेव चित्रपट समीक्षक. भित्तिपत्रक सोमवारी बदलायचं आणि नव्या पिक्चरचं तिकीट मात्र आठवडाभर मिळायचं नाही. मग करणार काय? पोस्टर नीट बघायचं, दोघाचौघांना विचारायचं आणि लिहायचं.

माझी मतं ठाम होती. सामाजिक चित्रपट म्हणजे कला. त्यात माणूस रडतो, मन हलकं होतं. भुताचे पिक्चर म्हणजे नुसता धूर, मेणबत्त्या आणि बुद्धीचा अपमान. 'भयपट पाहणाऱ्यांची मला कीव येते,' असं मी एकदा लिहिलं होतं. ते वाक्य आमच्या सुपरवायझर कारखानीसबाईंना फार आवडलं. बाई पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी नेसणाऱ्या आणि भित्तिपत्रकाचं शुद्धलेखन लाल पेन्सिलीने तपासणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सुमन, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं." आणि 'कीव'ची मी ऱ्हस्व काढलेली वेलांटी दीर्घ करून गेल्या.

त्या वर्षी आमच्या घरी मात्र सगळं गप्प होतं. बाबांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती आणि आई जाऊन अकरा महिने. घाटकोपरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. बाबा सकाळी पाणी भरायचे, भात टाकायचे आणि मग गॅलरीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. आईचं नाव ते काढायचे नाहीत. मीही काढायचे नाही, उगाच त्यांना त्रास नको म्हणून. अकरा महिन्यांत ते रडले नव्हते आणि हसलेही नव्हते. मला वाटायचं, एकदा हा माणूस पोटभर रडला की सुटेल.

तर रडवायला काय हवं? चांगला सामाजिक चित्रपट! योगायोगाने मुलुंडला तसा एक लागला होता. त्याच्यावर मी आधीच लिहून मोकळी झाले होते: 'मानवी नात्यांचा तरल वेध, संयत अभिनय, शेवट मनाला उभारी देणारा.' (पोस्टरवर नायिका हसत होती, त्यावरून शेवट ठरवला होता.)

बुधवारी मी बाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"कशासाठी?"

"वडिलांना डॉक्टरकडे न्यायचंय," मी म्हणाले.

बाईंचा चेहरा मऊ झाला. "जा हो. काळजी घे त्यांची. मलाही दुपारी हेड ऑफिसला मीटिंग आहे, नाहीतर आले असते सोबत."

मला फार अपराधी वाटलं. बसस्टॉपवर पोचेपर्यंत वाटत होतं.

बाबा घाटकोपरहून बसने आले. अंगात धुतलेला लेंगा-सदरा, हातात छत्री. "माका काय कळता पिक्चरातला?" ते म्हणाले. "तू मैत्रिणीक घेवन जा."

"बाबा, चला ना. मन हलकं होतं."

"माझा मन काय जड झाला?" म्हणाले, पण आले.

पिक्चर सुरू झाला. पहिल्या वीस मिनिटांत नायिका हसली, नाचली, तिचं लग्न झालं. पुढच्या वीस मिनिटांत ती खोकली. मी सावध झाले. मग हॉस्पिटल आलं. हिरवी भिंत, लोखंडी खाट, खाटेशेजारच्या स्टुलावर मोसंब्या, आणि त्या सोलत बसलेला तिचा नवरा. तिला त्या खायच्या नव्हत्या. तो आपला एकेक फोड साफ करून वाटीत ठेवत होता.

आमच्या आईच्या खाटेशेजारीही असंच स्टूल होतं. बाबा असेच फोडी साफ करायचे.

बाबा उठले. "पाणी पिवन येतंय," म्हणाले आणि वाकून, लोकांचे पाय चुकवत बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. पण तोवर मी स्वतः एवढी रडायला लागले होते की मला दार दिसेना. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून मला आपला रुमाल दिला. थोड्या वेळाने तिने नवऱ्याचाही दिला. संयत अभिनय पडद्यावर चालला होता, माझा अजिबात संयत नव्हता.

इंटरव्हलचे दिवे लागले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामीच होती. मी बाहेर धावले. पाण्याच्या नळापाशी बाबा नव्हते. स्टॉलवर नव्हते. रस्त्यावरही नव्हते. पुरुषांच्या मुतारीबाहेर उभी राहून मी "बाबा, बाबा" अशा हाका मारल्या, तर आतून भलतेच चार जण घाईघाईने बाहेर आले.

डोअरकीपरला विचारलं. "म्हातारे गृहस्थ, पांढरा लेंगा, छत्री?"

"वो बाबा?" त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "सामने गया. भूत देखने."

समोर दुसरं थेटर होतं. त्यावर वीस फुटी पोस्टर होतं: एक हवेली, एक पांढरी साडी आणि साडीच्या वर बरेच दात. तिथला खेळ अर्धा तास उशिरा सुरू होत असे. मी डोळे पुसले, इकडेतिकडे ऑफिसचं कुणी नाही ना ते पाहिलं आणि तिकीट काढून आत शिरले.

आत मिट्ट काळोख. पडद्यावर वारा सुटलेला, खिडक्या आपटतायत, कुणीतरी किंकाळी फोडतंय. आणि त्या किंकाळीवर हॉलभर हशा. मला कळेना. तेवढ्यात पुढून ओळखीचा आवाज आला.

"अरे, भुताक दार कित्याक ढकलूक लागता? भूत काय भाड्यान रवता?"

पुन्हा हशा. बाबा पाचव्या रांगेत बसले होते. मी चाचपडत त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. "बाबा, इथे काय करताय? मी किती शोधलं!"

"ऊन लागा होता. हय वातानुकूलित लिवलला," ते म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "गप बघ. मजा आसा."

मजाच होती. पडद्यावर हडळ आली की बाबा मोठ्याने म्हणायचे, "मरान शंभर वरसा झाली म्हणतंस, मगे साडी इस्त्रीची कशी गो तुझी?" मागून कुणीतरी ओरडलं, "काका, आता काय होणार?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "आता मांजर येतला."

कपाटावरून मांजर पडलं. हॉलने टाळ्या वाजवल्या. माझे बाबा, अकरा महिने भिंतीकडे बघत बसलेले, पोट धरून हसत होते. मी पडद्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. तिथेच चुकलं. पडद्याकडे लक्ष नसल्यामुळे तळघराचं दार कधी उघडलं मला कळलं नाही. वर पाहिलं तर अख्ख्या पडद्याएवढा एक चेहरा, अर्धा जळलेला, आणि तो माझ्याकडे बघत होता.

मी किंचाळले आणि बाबांचा हात घट्ट धरला. बाबांनीही माझा हात तितकाच घट्ट धरला आणि तेही किंचाळले. बायकी आवाजात. बाबांच्या हातात बांगड्या होत्या.

तेव्हाच इंटरव्हल झाला आणि दिवे लागले. बाबा माझ्या उजव्या बाजूला शेंगदाणे खात निवांत बसले होते. डाव्या बाजूला, पदराने अर्धा चेहरा झाकून, माझा हात धरून कारखानीसबाई बसल्या होत्या.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. हात सोडायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"मीटिंग," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर नीट केला. "हे वडील का? डॉक्टर काय म्हणाले?"

"खयचो डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

मला तो दिवस आठवतो तेव्हा माझ्या कानांच्या पाळ्या अजून गरम होतात. पण बाबांना कशाचा पत्ता नव्हता. त्यांनी शेंगदाण्यांची पुडी बाईंपुढे धरली. "घेवा बाईनू. पुढचा काय ता बघू नकात, ता सगळा खोटा. खऱ्या भुताची गोष्ट मी सांगतंय."

बाईंनी दोन शेंगदाणे घेतले. "खरं भूत म्हणजे?"

"आमच्या गावात देवचार आसा. तो असो दात दाखवन येणा नाय. तो पाठसून चलता. काठयेचो आवाज तेवढो येता. टक, टक." बाबांनी छत्री फरशीवर आपटली. बाई दचकून माझ्याकडे सरकल्या. मी बाबांकडे सरकले. "हिची आवस," बाबांनी माझ्याकडे हात केला, "नवीन लग्न होवन इली तेव्हा व्हाळाकडसून जावक घाबरायची. मी तिका सांगलंय, हय देवचार चलता, माझो हात सोडू नको. रोज हात धरून जायची."

"आणि देवचार?" बाईंनी विचारलं.

"देवचार खयचो? माझ्याच हातात काठी होती. ती मीच आपटी." बाबा हसले. "वरीसभर तिका कळला नाय. कळला तेव्हा आठ दिस बोलाक नाय माझ्याकडे. नवव्या दिसा म्हणता, काठी रवांदे, हात तेवढो द्या."

बाबांचे डोळे भरले होते, पण ते हसतच होते. मग त्यांनी मला विचारलं, "तू कित्याक रडतंस?"

"तुम्ही तिचं नावच काढत नव्हता," मी म्हणाले.

"तुका वायट वाटात म्हणान."

"मी तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काढत नव्हते."

"मगे अकरा म्हयने दोघांनी उगाच फुकट घालवले," बाबा म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या माझ्या साहेबीणबाईंनी पदराने डोळे टिपले. तेवढ्यात दिवे गेले. उरलेल्या पिक्चरभर बाई आमच्या मध्ये येऊन बसल्या, कारण त्यांना बाबांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

खेळ सुटल्यावर बाहेर चहा घेताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुमन, तू मला पाहिलं नाहीस."

"नाही बाई."

"मीही तुला पाहिलं नाही. तू डॉक्टरांकडे होतीस." मग चहाचा घोट घेऊन, "तब्येत सुधारली आहे बघ त्यांची."

बसमध्ये घाटकोपर येईपर्यंत बाबा आईबद्दल बोलत होते. ती पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा जिन्यावर कशी बसून राहिली, नळावर कुणाशी कशी भांडली, मी पोटात असताना तिला आंबट सोडून सगळं कसं खावंसं वाटायचं. मला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी तिचा फोटो कपाटातून काढला आणि पुसून भिंतीवर लावला. खिळा मी ठोकला. तो तिरका गेला, म्हणून फोटो आजही किंचित डावीकडे कललेला आहे.

इथे ही आठवण संपली असती तर माझी अब्रू राहिली असती.

पण आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते आणि तिथला दिवा गेलेला होता. त्या संध्याकाळी सात वाजता मी पाण्याचं डबडं घेऊन निघाले, निम्म्या गॅलरीतून परत आले आणि म्हटलं, "बाबा, जरा येता का माझ्याबरोबर?"

ते आले आणि दाराबाहेर उभे राहिले. मी आतून दर अर्ध्या मिनिटाला विचारायचे, "बाबा, आहात ना?"

"आसंय गो."

शेजारच्या मंदाने विचारलं तर त्यांनी सांगितलं, "पोरीक चक्कर येता. ऑफिसात काम लय." दुसऱ्या दिवशीही ते आले, तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर एका सरकारी नोकरदार, सव्वीस वर्षांच्या मुलीचे वडील रोज संध्याकाळी संडासाबाहेर उभे राहून मधूनमधून खाकरत होते.

पुढच्या बुधवारी मी डबडं उचललं, तर बाबा धुतलेला सदरा घालून, केस विंचरून तयार.

"सुमे, आज मंदाक घेवन जा," ते म्हणाले. "माका आठच्या खेळाक उशीर झालो. नवीन भूत लागलाहा. कारखानीसबाई नि त्यांची बहीण जागा धरून बसल्येत."

ते गेले. मी मंदाच्या दारावर टकटक केली, आणि ती हात पुसून बाहेर येईपर्यंत तिच्या खिडकीतून जेवढा उजेड पडत होता, तेवढ्यात उभी राहिले.