ट्रकची पूजा

नव्या गाडीपुढं नारळ फुटला की लोकांना प्रसाद आठवतो, मला रक्त. दुसरं महायुद्ध संपल्यावर लिलावात घेतलेला एक लष्करी ट्रक जामखेड रस्त्यावरच्या शेडात उभा होता आणि त्याच्या केबिनमध्ये मी जादा दिव्यांची बटणं बसवत होतो. नारळ फुटल्यावर पहिलं बटण मालकानंच दाबायचं, असा तिथला रिवाज. मालक नारळ सोलत होता, तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हरनं सहज बटण दाबलं आणि दिवे लखलखले. “माझ्या आधी व्हय रं?” म्हणत मालकानं त्याला खाली ओढलं आणि ट्रक चालू करायचं लोखंडी हँडल त्याच्या डोक्यात घातलं. चिळकांडी थेट बॉनेटवर उडाली. मालकानं ती निरखली, नारळ पिशवीत परत टाकला आणि मला म्हणाला, “ऱ्हाऊ दे आता, झाली पूजा.” आजही कुणी नव्या गाडीचं खोबरं पुढं केलं की मी आधी बॉनेट बघतो.