माळ्यावरची गृहभेट

गृहभेटीच्या फॉर्मवर एक ओळ असते: बालकाशी एकांतात बोलणे झाले काय? पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. प्रशिक्षणात हे फार सोपं वाटलं होतं, कारण तिथल्या खोलीला दार होतं. जामसरच्या बाजूच्या ज्या पाड्यावर मी दर तीन महिन्यांनी जायचे, तिथल्या घराला कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या. आतलं कुजबुजणं बाहेर ओट्यावर स्पष्ट ऐकू यायचं, आणि मी जीपमधून उतरून पोचेपर्यंत ओट्यावर अर्धा पाडा जमलेला असायचा.

मी जिच्यासाठी जायचे ती मुलगी नऊ वर्षांची. तिची आई ती लहान असतानाच गेली. बाप भिवंडीकडे मजुरीला गेला तो परतलाच नाही. मग बाल कल्याण समितीनं तिला मूलबाळ नसलेल्या एका जोडप्याकडे सांभाळायला दिलं. ती त्यांना मावशी आणि काका म्हणायची, मला ताई. तिचं नीट चाललंय ना, हे बघणं माझं काम.

पहिल्या भेटीत मी तिला सांगितलं होतं की आपण दोघीच बसू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी. ते तिनं भलतंच मनावर घेतलं. त्या दिवशी ती मला गोठ्यात घेऊन गेली आणि तिथं शेळीनं फॉर्मचा कोपरा खाल्ला. दुसऱ्या वेळी ओढ्यातल्या खडकावर बसलो, माझी एक चप्पल वाहून गेली. तिसऱ्या वेळी दिवाळी तोंडावर आली होती. खाली खाचरात भाताची कापणी चालू होती आणि वर उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकून उभी होती. मला बघताच ती म्हणाली की या वेळची जागा एकदम पक्की आहे, तिथं कुणी येऊच शकत नाही.

ती जागा म्हणजे नागलीच्या कडेचा माळा. चार उंच खांबांवर बांबू अंथरलेले, वर पेंढ्याचं छप्पर, पाखरं हाकायला बसण्यापुरती जागा. ती खारीसारखी सरसर वर गेली. मी फाइल दातात धरून, खाली न बघता, शिडीच्या प्रत्येक पायरीला मनातल्या मनात हात जोडत चढले. आमच्या मागून पाड्यावरची सातआठ पोरं आली होती. तीही चढायला लागणार, तेवढ्यात तिनं पायानं शिडी ढकलून दिली. पोरं क्षणभर शिडीकडे बघत राहिली. मग त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि वरात निघाल्यासारखी आवळ्याच्या झाडाकडे घेऊन गेली.

मी म्हटलं, आता उतरायचं कसं? ती शांतपणे म्हणाली, "आधी बोलून घे. मग हाक मारू. आता हाक मारली तर सगळी येतील."

मला हसू यायला लागलं. माळा डुलत होता. तिच्या हातात एक दोरी होती, दोरीच्या टोकाला नागलीच्या मधोमध पत्र्याचा डबा बांधलेला. मी प्रश्न विचारायचे, ती विचार करायची, दोरी ओढून डबा खडखडवायची, पाखरांचा थवा उडायचा आणि मग उत्तर यायचं. शाळेत जाते. जेवण पोटभर असतं. घरात कुणी ओरडतं का, तर हो, ती स्वतःच ओरडते, पाखरांवर. काही तक्रार आहे का? आहे, काका झोपेत घोरतो. मी ते लिहून घेतलं. तिनं माझ्या खांद्यावरून वाकून, नीट लिहिलंय ना, हे बघितलं.

मग तिनं दोरी खाली ठेवली.

"ताई, मावशीला मी आये म्हटलं, तर कागद बिघडंल का?"

मी विचारलं, कुठला कागद? ती म्हणाली, समितीचा. त्यावर आईचं नाव वेगळं आणि मावशीचं वेगळं लिहिलंय, म्हणून इतके दिवस तिनं तशी हाक मारली नव्हती. मी तिला सांगितलं की कागद अजिबात बिघडत नाही, कागदाला त्यातलं काही कळत नाही. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि खाचराकडे तोंड करून जीव खाऊन हाक मारली, "आये!"

खाली चार बायका कापत होत्या. तिघींनी माना वर केल्या. चौथी कापतच राहिली. तिला आजवर त्या नावानं कुणी हाक मारलीच नव्हती, ती कशाला बघेल? मुलीनं पुन्हा हाक मारली. तिघी आपापली पोरं शोधायला लागल्या. तिसऱ्या हाकेला शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

ती विळा हातात घेऊनच धावत सुटली. बांध ओलांडताना एकदा पडली, उठली, पुन्हा धावली. माळ्याखाली येऊन वर बघत उभी राहिली. धाप लागलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. शिडी कुठंय, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. विळा बाजूला टाकला आणि हात पसरले. मुलीनं खाली उडी मारली, दोघी नागलीत कोसळल्या आणि तिथंच पडून हसत राहिल्या. मग मावशीनं मला म्हटलं, "खांद्यावर पाय दे, बाय." मी दिला. मी कशी उतरले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फाइल माझ्या आधी खाली पोचली होती एवढं सांगते.

त्या दुपारी त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नागलीची भाकर, उडदाचं वरण, मिरचीचा ठेचा. मुलगी चुलीपाशी बसून म्हणाली, आये, पाणी दे. मावशीनं ऐकलं नाही. पुन्हा म्हणाली, आये, पाणी. तरी मावशी भाकर थापतच राहिली. तिला ऐकू येत नाहीये असं मला वाटलं. मग माझ्या ध्यानात आलं की तिच्या खांद्यांना हसू आवरत नाहीये. चौथ्यांदा हाक आल्यावर ती म्हणाली, "काय गं?" आणि एवढं बोलून पुन्हा बहिरी झाली. काकानं शेवटी स्वतः उठून पाणी दिलं. मला म्हणाला, आज पाणी मिळणं कठीण आहे.

समितीनं त्या हिवाळ्यात तिचा तिथला मुक्काम वाढवून दिला. पण हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मी जव्हारच्या जीपमध्ये कोंबून बसले, केसात नागलीची कणसं, कुर्त्याला चिखल, आणि हसू थांबेना. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, लग्नाहून आलीस का. आमच्या कामात मुलांचं काही बाहेर बोलायचं नसतं, म्हणून मी हो म्हटलं.