आप्पांच्या 'शरणार्थी'ला उत्तर

मंडळी, सकाळपासून आपल्या गावच्या फेसबुक ग्रुपवर अमेरिका तापलीय. तिकडच्या कुण्या पुढाऱ्याचा व्हिडिओ आला. धर्मात बसत नसेल तर दुकानदाराला गिऱ्हाइकाला नाही म्हणता यावं, असा कायदा पाहिजे आणि हेच धर्मस्वातंत्र्य, असं त्याचं म्हणणं. लगेच दोन पार्ट्या पडल्या.

आमच्या आप्पांचं वालूरला किराणा दुकान. त्यांनीही लिहिलं, "शरणार्थी. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं, हे कसलं स्वातंत्र्य?"

आमच्या लिंगायतांत नमस्कार म्हणून 'शरणार्थी' म्हणतात, हे गावात कुणाला सांगावं लागत न्हाई. तरी वाघाचा फोटो लावलेल्या एका बिननावाच्या माणसानं खाली लिहिलं, "शरणार्थ्यांनी आधी आपल्या देशात परत जावं."

आप्पांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "मला कुठं जायला सांगायलेत गं?"

मला लय हसू आलं. मग त्या कमेंटला लाइक कुणी केलंय ते बघितलं अन् हसू जागीच थांबलं. त्यात आमचे शेजारी दत्ताभाऊ होते.

दुपारी तेच दुकानात आले. रोजच्यासारखं म्हणाले, "शरणार्थी आप्पा! पावशेर चहापत्ती द्या."

आप्पा रोज उलट 'शरणार्थी' म्हणतात. आज नुसतं "या" म्हणाले अन् चहापत्ती जोखून दिली.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडं मी बघायलेय, हाच तो वाघ नसेल ना?

वाघाला शब्द कळला नसेल, एक वेळ मानते. पण दत्ताभाऊ, तुमीही या ग्रुपवर आहात म्हणून इथंच विचारते: तुमाला तर कळतो ना?