शेवंतीमागचा दादा

निजामी राजवटीच्या शेवटच्या दिवसांत आमच्या गावावर धाड पडली आणि दादा मारला गेला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवून हार घातला होता, पण गालावरचा घाव झाकला जात नव्हता. नळदुर्गाहून आणलेला फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालायचा, फोटो न काढताच बाहेर यायचा. मग त्यानं हारातलं शेवंतीचं एक फूल काडीला टोचून कॅमेऱ्यापुढं रोवलं, त्यावर पाणी शिंपडलं, पितळी ताटानं ऊन पाडलं. मेलेल्या माणसापुढं फुलाचे हे लाड बघून मला संताप आला.

"आप्पा, फूल साफ येईल, चेहरा पुसट ऱ्हाईल," तो वडिलांना म्हणाला. "पोराच्या आईला रोज बघायचं हाय."

आईनं मरेपर्यंत तो फोटो रोज बघितला. शेवंतीची पाकळी न पाकळी अजून दिसते. दादाचा चेहरा मला आठवत नाही.