बुडालेल्या गावाच्या रस्त्यावर

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना वाचायचो... खरं सांगायचं तर हसायला. आमच्या घरात अंगारा-धुपारा, नवस, भूतबाधा यातलं काही चालत नाही. विहारात जाणारी, 'कशावरून?' असं विचारणारी माणसं आम्ही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते घडलं.

मी नागपूरला राहतो. मागच्या वर्षी सेकंडहँड फोर बाय फोर जीप घेतली आणि सुट्टीच्या दिवशी कच्चे रस्ते शोधत भटकायचा नाद लागला. माझे सासरे — मी त्यांना मामाजी म्हणतो — खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांचं गाव भिवापूरच्या पुढे, धरणाच्या पाण्यात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की तिथला जुना रस्ता उघडा पडतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. गुडघ्यांमुळे त्यांना एवढं चालणं शक्य नाही. एक दिवस म्हणाले, "जवाईबापू, तुमची गाडी जाईन का तिथवर? एकदा घराची जागा पाहू म्हणतो."

सकाळीच निघालो. काठावरून जीप खाली उतरवली आणि फोर-लो, म्हणजे चिखलासाठीचा संथ पण जोरकस गिअर, टाकला. सुरुवातीला फुटकं डांबर दिसत होतं, मग नुसता गाळ. वरून वाळून भेगा पडलेला, आतून लोण्यासारखा. अशा जागी थांबलं की गाडी बसते, म्हणून हळू पण न थांबता चालवत होतो. दोन्ही बाजूंना वठलेली झाडं. चिटपाखरू नाही. मामाजी बेल्ट लावत नाहीत, त्यामुळे सीटवर वजन पडलं की वाजणारी टिंग-टिंग सारखी चालू होती.

एका विहिरीच्या कठड्यापाशी जमीन टणक लागली. "थांबवा," मामाजी म्हणाले. "इथंच कुठं तरी पायजे." ते उतरले आणि उंचवट्याच्या पलीकडे गेले. मी एसी चालू ठेवून मोबाइलमधले फोटो बघत बसलो.

थोड्या वेळानं ते परत येऊन शेजारी बसले. मी मान वर केली नाही... पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, एवढंच दिसलं.

"सापडलं का?"

"हो. समोर आहे. चला."

निघालो. ते "उजवीकडं", "आता सरळ" असं सांगत होते, मी वळवत होतो. टिंग-टिंग बंद होतं, तेव्हा वाटलं, लावला एकदाचा बेल्ट.

तेवढ्यात डॅशबोर्डच्या स्क्रीनवर कॉल आला. नाव — मामाजी.

मी हसलो. "मामाजी, खिशात फोन दाबला गेला बघा तुमचा."

"नका उचलू," शेजारून आवाज आला.

पण तोवर माझा अंगठा स्टिअरिंगवरच्या बटणावर पडला होता. गाडीभर मामाजींचा आवाज, धापा टाकत — "जवाईबापू, कुठं जाऊन राहिले मले सोडून? तिकडं पाणी हाय, थांबा!"

मी ब्रेक मारला. समोर गाळाचा रंग बदलला होता, ओला काळा. त्याच्या पुढे पाणी. आरशात, मागे विहिरीजवळ, मामाजी दुपट्टा हलवत उभे होते.

डावीकडे मी बघितलं नाही. बघू शकलो नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात गुडघ्यावर ठेवलेला एक हात दिसत होता.

"घर आलंच," तो मामाजींच्याच आवाजात म्हणाला. अगदी मायेनं. "थोडंसंच राहिलं."

पुढची चाकं रुतू लागली होती. रिव्हर्स टाकला, नजर आरशावर खिळवली आणि आमच्याच चाकोरीतून गाडी मागे काढली. विहिरीपाशी मामाजींनी डावं दार उघडलं, तेव्हा सीट रिकामी होती. मधल्या वेळात दार उघडलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

मामाजी रागावले होते. माझं तोंड पाहून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. पक्क्या रस्त्याला लागल्यावर एका टपरीवर थांबलो, तिथं चहा घेताना मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या अंगाले नेऊन राहिला होता?"

"विहिरीपासून उजवीकडं, मग सरळ. पाण्यात."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी तिथं एवढा फिरलो, मले काही आठवेना. आता तुमी सांगतलं तवा ध्यानात आलं. विहिरीपासून उजवीकडं, मंग सरळ... घर तिथंच होतं, जवाईबापू. तो बरोबर सांगून राहिला होता."

ऊन लागलं असेल, भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मामाजींच्या त्या कॉलची नोंद माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे, आणि त्यांना स्वतःला जे आठवत नव्हतं ते माझ्या भासाला कुठून ठाऊक असणार? मामाजींना मी विचारत नाही. परवा मात्र ते आपणहून बोलले, "मी नाही गेलो घरी. तो तिथंच वाट पाहून राहिला असन अजून."